भोरड्यांची सरकारी तपासणी

“बाई, तुम्ही शाळा तपासाले आल्या का पाखरं?”

विचारलं रुख्मिणीनं, पण प्रश्न तिच्या एकटीचा नव्हता. सातवीच्या सगळ्या पोरींनी पाण्याच्या रांजणापाशी उभं राहून तो मिळून रचला होता. विचारायची छाती कोणाची यावर पिंजाऱ्याच्या जमीलानं पैज लावली होती आणि पैजेत तिच्या अम्मीच्या हातचं बोरकूट होतं. त्यात जमीलानं वरून म्हटलं, “जाऊ दे वं रुख्मे, तुह्यानं नाई होत.” एवढं ऐकल्यावर रुख्मिणी थांबते होय! जमीलाला बोरकूट वाचवायचं असतं तर तिनं गप्प बसायला हवं होतं.

प्रश्न काही अगदीच अंतराळी नव्हता. नागपूरहून शाळा तपासायला आलेल्या वैराळेबाई सकाळपासून अर्ध्या वर्गात आणि अर्ध्या खिडकीत होत्या. अंगावर पांढरं पातळ, पायात पुरुषी बूट आणि गळ्यात दुर्बीण. एक पोरगी पाढे म्हणत होती. तिनं घाबरून “आठी साती अठ्ठावन्न” म्हटलं, आणि बाई खिडकीबाहेर दुर्बीण रोखून म्हणाल्या, “वा! सुंदर!” पोरगी तर खूशच झाली. मग कळलं, कौतुक लिंबावर बसलेल्या पिवळ्याधमक हळद्याचं होतं. शाळेच्या मोठ्या बाईंनी कपाळावरचा घाम पुसला आणि ‘छप्पन्न’ असं हळूच पुटपुटून सरकारी इज्जत राखली.

आता रुख्मिणीचा प्रश्न ऐकून त्याच मोठ्या बाई भिंतीला टेकल्या. पोरींनी माना खाली घातल्या. वैराळेबाईंनी दुर्बीण उतरवली आणि पोरीकडे असं पाहिलं की जणू तीही लिंबावरच बसली आहे.

“दोन्ही,” त्या म्हणाल्या. “पगार शाळेचा मिळतो. पाखरं फुकट बघते. तुझं नाव काय?”

“रुख्मिणी हिंमतराव. नांदूरखेडची.”

“घाबरत नाहीस.”

“आंधी घाबरत होती बाई. आता नाई घाबरत.”

हे मात्र खरं होतं. गेल्या सालापर्यंत ही पोरगी पाहुणे आले की दाराआड उभी राहून बोलायची. मग या हिवाळ्यात बापाच्या वावरात माळ्यावर चढून ज्वारीची राखण करायला बसली. उंच मचाण, हातात गोफण, चहूकडे मोकळं रान. पाखरं हाकलता हाकलता तिला स्वतःचा आवाज सापडला. आणि काय आवाज! “हाऽऽ हुर्रऽऽ” म्हटलं की तिच्या वावरातली पाखरं तर उडायचीच, पण नाल्यापलीकडच्या शिवारातले बैलही मान वर करायचे.

“आमच्या गावाले या बाई,” ती म्हणाली. तोंड उघडलंच होतं, तर पुरतं वापरून घेतलं. “भोरड्या पाहाच्या असतीन तर नांदूरखेडाले या. इतक्या येतात, इतक्या येतात का सूर्य झाकते. आमची माय भर सकाळी दिवा लावते.”

पोरी फिसकन हसल्या. बाई हसल्या नाहीत.

“दिवा लावते?”

रुख्मिणीनं वेणी पुढे ओढली. “लावत नाई बाई. लावा असं वाटते.”

“हं.” बाई खुर्चीवर बसल्या. “बुलढाण्याला मुलींच्या शाळेचं वसतिगृह आहे, ठाऊक आहे ना? यंदा तिथं माझ्या हातात एकच जागा आहे. तुमच्या मोठ्या बाई म्हणतात, रुख्मिणीला द्या, पोरगी फार हुशार आहे. पण असंही म्हणतात की एकाचे दहा करून सांगते. दहा करणाऱ्या मुली माझ्याकडे पुष्कळ आहेत. पाहिलं तेवढंच सांगणारी मला हवी आहे.” त्यांनी दुर्बिणीची वादी बोटाला गुंडाळली. “भोरड्यांचे निघायचे दिवस आलेत. परवा पहाटे मी तुझ्या गावाला येते. तू सांगितलंस तसं दिसलं तर तुझा शब्द खरा आणि जागा तुझी. नाही दिसलं, तर दुसऱ्या मुलीला.”

परत जाताना जमीलानं मुकाट्यानं बोरकुटाची पुडी दिली. पण रुख्मिणीला ते गोड लागेना.

“सूर्य झाकते काऊन म्हटलं तू?” जमीला म्हणाली. “लय येतात म्हटलं असतं तर भागलं नसतं?”

“लय तर कोणीबी म्हणते.”

“मंग आता परवा सूर्य झाकून दाखव, माय!”

*

घरी आल्या आल्या रुख्मिणीनं बापाला सांगितलं. हिंमतराव गोठ्यात बैलांना वैरण घालत होते.

“बाबा, परवा पहाटे सरकारी बाई आपल्या गावात येऊन राह्यली.”

“काऊन?”

“पाखरं पाहाले. भोरड्या. आणि पाहून झालं का मले बुलढाण्याच्या शाळेत घेते.”

हिंमतरावांनी वैरणीची पेंडी तशीच हातात धरली. बुलढाण्याचा विषय घरात निघाला की ते काहीतरी हातात धरून उभे राहायचे. “ठरवू,” ते म्हणाले. “अक्षय्यतृतीया होऊ दे, मंग ठरवू.” होळीच्या आधी ते ‘होळी होऊ दे’ म्हणायचे.

आई आशाबाई चुलीपुढून ओरडली, “आणि ही बुलढाण्याले गेली का मंग माळ्यावर कोण बसन? तिचा गळा म्हंजे दोन गड्याचा गळा! तुम्ही ओरडले तर चिमणीबी मान वळवत नाई.”

हिंमतरावांनी पेंडी खाली ठेवली आणि ‘सरकारी बाई येते’ ही बातमी द्यायला पाटलांकडे गेले. बातमी देण्यात त्यांचा गुन्हा काहीच नव्हता. सरकारी माणूस गावात येणार तर पाटलाला सांगायचं, हे तान्ह्या पोरालाही कळतं. पुढचं सगळं पाटलांच्या डोक्यातून आलं.

दुसऱ्या दिवशी शाळेत दिवसभर परीक्षा होती. संध्याकाळी रुख्मिणी आणि जमीला घरी निघाल्या, तर अर्ध्या वाटेतच गावाकडून गलका ऐकू यायला लागला. डबे, ताट, घंगाळ, हलगी, आणि माणसांचं ओरडणं.

“लगन हाय का कोणाचं?” जमीला म्हणाली.

तेवढ्यात डोक्यावरून पोपटांचा थवा गेला. गावाकडून बाहेर. मग होले गेले. मग चिमण्या गेल्या. कावळे गेले, तेही शिव्या देत. आणि मग भोरड्या! अंग गुलाबी, डोकं आणि पंख काळे, थव्यामागून थवा, घर जळाल्यावर माणसं निघावी तशा गाव टाकून निघालेल्या. शेवटी एकटाच बगळा पाय लोंबकळत गेला. त्याला तर ज्वारीशी घेणंदेणंही नव्हतं.

रुख्मिणी पळत सुटली.

गाव पाहून ती वेशीतच उभी राहिली. प्रत्येक माळ्यावर माणूस. म्हातारे धुऱ्यावर, म्हणजे शेताच्या बांधावर, उभे राहून डबे बडवत होते. बायका झाडाखाली थाळ्या वाजवत होत्या. ज्यांच्या वावरात कापसाच्या वाळक्या पऱ्हाट्या सोडून काही नव्हतं, तेसुद्धा गोफणी फिरवत होते. आणि चावडीच्या ओट्यावर उत्तमराव पाटील कमरेवर हात ठेवून, मोकळं झालेलं आभाळ समाधानानं पाहत होते.

“काका! हे काय करून राह्यले तुम्ही?”

“ये बाई ये! पाह्य, एक पाखरू तरी दिसते का शिवारात? सकाळीच निवृत्ती कोतवालाले दवंडी द्याले लावली. उद्या सरकार पाखरं पाहाले येऊन राह्यलं, कोणाच्या वावरात एकबी पाखरू दिसलं तर खबरदार!”

“पण बाई पाखरं पाहालेच येऊन राह्यली!”

“तेच तर सांगतो.” पाटील तिला शहाणं करायला खाली बसले. “मले सांग, प्लेगचा डाक्टर उंदरं पाहाले आला होता, तवा आपण त्याले उंदरं दाखवले काय?”

“नाई.”

“हिवतापवाला साहेब मच्छर पाहाले आला, तवा?”

“तवाबी नाई. डबकी बुजवली होती.”

“मंग! सरकार जे पाहाले येते ते दिसू द्याचं नसते पोरी. दिसलं का दंड, नाई दिसलं का शाबासकी. इतकी साल पाटीलकी केली, एकबी शेरा नाई खाल्ला नांदूरखेडनं.”

रुख्मिणीचे डोळे भरून आले, पण रडून ऐकणारे पाटील नव्हते. म्हणून ती ओरडली. “काका, तिले पाखरं आवडतात!”

डबे थांबले. पाटलांनी पागोटं मागे सरकवलं.

“कोणाले? सरकारले?”

“हाव!”

“आवडतात?” पाटलांनी विचारलं. सरकारला काही आवडतं ही गोष्ट त्यांच्या कानावर पहिल्यांदाच येत होती. “पाखरं? फुकट ज्वारी खाणारी?”

“हाव. आणि ते नाई दिसले तर मी खोटी. आणि माही शाळा गेली.”

पाटील माणूस वाईट नव्हता. चुकलं हे त्यांना कळलं, फक्त ते तसं म्हणायचे नाहीत. त्यांनी हात हलवला. “मंग त्यात काय! बोलवून घेऊ. निवृत्ती!”

निवृत्ती कोतवालाचा घसा सकाळपासून ओरडून बसला होता. तरी तो बिचारा पुन्हा हलगी घेऊन फिरला. “ऐका होऽऽ ऐका! सकाळची दवंडी उलटी समजाऽऽ! ज्याच्या वावरात पाखरू दिसणार नाई त्यानं खबरदारऽऽ!”

आता अडचण अशी झाली की हाकलायच्या आरोळ्या नांदूरखेडात घरागणिक वेगळ्या होत्या, पण बोलवायची एकही नव्हती. कधी लागलीच नव्हती. पाटलांनी स्वतः अंगणात दाणे टाकून “या, याऽऽ” केलं. कोंबड्या आल्या. निवृत्तीनं शीळ घातली, तर कुत्रं आलं. हिंमतरावांनी माळ्यावर चढून, जन्मात पहिल्यांदा, आभाळाला हात जोडले. नाल्यापलीकडच्या गावातून मात्र शिव्या ऐकू येत होत्या, कारण इथली सगळी पाखरं तिकडे जाऊन बसली होती.

“काईच नाई आलं तर माहा मिठू हाय,” मंजुळाबाई म्हणाली. तिच्या घरी पिंजऱ्यात पोपट होता. “पाखरू ते पाखरू. बाईले काय, एक दिसलं का झालं!”

पाटलांना ही युक्ती फार आवडली. रुख्मिणीनं जमीलाकडे पाहिलं, जमीलानं जमिनीकडे.

*

पहाटे वैराळेबाई बैलांच्या दमणीत बसून आल्या, तेव्हा उजाडायला लागलं होतं. पाटील काळा कोट घालून हार घेऊन उभे. कोटाचं पोट जरा चौकोनी दिसत होतं, पण तिकडे लक्ष द्यायला कोणाला सवड नव्हती. बाईंनी हार हातात घेऊन बैलाच्या शिंगाला घातला आणि म्हणाल्या, “हळू बोला. कुठं आहेत?”

“या साहेब. इकडून या.”

हिंमतरावांचं वावर नाल्याला लागून होतं. यंदा त्यांची पेरणी मागास पडली, म्हणून गावात सगळ्यांची ज्वारी निघाली तरी त्यांची अजून उभी होती. नाल्याच्या काठानं पळसाची झाडं होती, आणि त्यांवर पान एक नाही, नुसती फुलं. सगळा काठ पेटल्यासारखा दिसत होता. पण झाडावर पाखरू? नाही.

नाही म्हणायला बाभळीला मंजुळाबाईचा पिंजरा टांगलेला होता. बाईंनी दुर्बीण लावली आणि लगेच काढली, कारण पिंजरा हातभरावर होता.

“हे काय आहे?”

“पोपट साहेब,” पाटील अदबीनं म्हणाले. “जंगली. जरा बसला हाय.”

“चोर आला,” मिठू म्हणाला.

पुढे एका तुरीच्या खुंटाला सुतळीनं कोंबडी बांधली होती. त्याच्यापुढे आणखी एक. बाई प्रत्येकीपुढे थांबल्या. पाटील प्रत्येक वेळी “हेबी पाखरूच हाय” असं सांगत गेले. तिसऱ्या कोंबडीपाशी बाई वळल्या, आणि पाटलांकडे न पाहता रुख्मिणीकडे पाहिलं.

“तुझ्या भोरड्या कुठं आहेत?”

रुख्मिणीच्या जिभेवर नेहमीसारख्या पाच-सहा गोष्टी एकदम आल्या. ससाणा आला होता. वावटळ आली होती. पलीकडच्या गावानं जाळी लावली. एकेक गोष्ट अशी की ऐकणाऱ्यानं तोंडात बोट घालावं. तिनं सगळ्या गिळल्या.

“कालपर्यंत होत्या बाई. मंग गावाले वाटलं तुम्ही तपासणीले येऊन राह्यल्या, म्हून दवंडी दिली आणि सगळ्या गावानं डबे वाजवून त्या हाकलून देल्या. मंग समजलं का तुम्हाले आवडतात. मंग उलटी दवंडी देली. पण त्या वापस नाई आल्या. म्हून कोंबड्या बांधल्या.”

इतकं साधं, बिनातेलामिठाचं, ती आयुष्यात बोलली नव्हती. आणि घात असा की तिनं आजवर सांगितलेल्या सगळ्या थापांपेक्षा हीच मोठी थाप वाटत होती! बाईंच्या कपाळावर आठी पडली.

“तपासणी आहे म्हणून पाखरं हाकलली? सगळ्या गावानं?” त्या पाटलांकडे वळल्या. “असं झालं का हो?”

पाटलांनी खाकरून घेतलं. सरकारपुढे ‘झालं’ म्हणायची त्यांच्या तोंडाला सवयच नव्हती. “नाई साहेब. असं कुठं होते काय? पोरगी हुशार हाय आमची. जरा वाढवून सांगते, इतकंच.”

“बाई, खरं हाय!” जमीला मध्येच बोलली. “अल्लाची कसम! मी पाह्यलं, बगळासुद्धा गेला!”

“तू मैत्रीण ना तिची?” बाई म्हणाल्या, आणि छत्री काखेत मारून दमणीकडे पाहायला लागल्या.

रुख्मिणीला वाटलं, पाटलांना बांधलेल्या कोंबडीसकट नाल्यात ढकलावं. पण तेवढ्यात तिच्या कानाला काहीतरी लागलं. लांबून आठवडी बाजार ऐकू येतो ना, तसं. शेकडो माणसं एकदम बोलतात आणि कोणाचं काहीच कळत नाही, तसं. आवाज नाल्यापलीकडून येत होता, आणि मोठा होत होता.

“बसा बाई,” ती हळूच म्हणाली. “खाली बसा.”

सरकारच्या बाई पांढऱ्या पातळासकट ढेकळात बसल्या. त्यांच्या मागे पाटील, हिंमतराव, आशाबाई, निवृत्ती, धुऱ्याआड लपलेलं सगळं गाव, झाडून सगळे बसले.

भोरड्या आल्या. हाकललेल्या पाखरांना दवंडी कळत नाही, पण पळसातला मध कळतो. पहिला थवा शेंड्यावर उतरला, दुसरा त्याच्या खाली, आणि मग मोजायचं काही राहिलंच नाही. फुलं दिसेनाशी झाली. फांद्या वाकल्या. प्रत्येक फुलात एक काळं डोकं खुपसलेलं, आणि बाहेर आलं की त्यावर पिवळी पूड. भांडणं काय, उड्या काय! बाईंची छत्री काखेतून घसरून पडली, त्यांना कळलंही नाही. दुर्बिणीखालचं त्यांचं तोंड लहान पोरीसारखं उघडं राहिलं होतं.

झालं, रुख्मिणीनं मनात म्हटलं. जागा आपली.

तेवढ्यात काय झालं कोण जाणे, सगळा थवा एकदम झाडावरून सुटला आणि हिंमतरावांच्या ज्वारीत उतरला.

मागे धुऱ्याआड एक बारीकसा कण्हण्याचा आवाज आला. शेतकऱ्याच्या डोळ्यांदेखत पाखरं उभ्या पिकात उतरली आणि त्यानं गप्प बसायचं, म्हणजे शिंक आली असताना नाक दाबून बसण्यासारखं आहे. निवृत्ती स्वतःचा हात स्वतःच धरून बसला होता. पाटलांच्या मानेच्या शिरा फुगल्या होत्या, तेही वावर त्यांचं नसताना. आशाबाईनं पदराचा बोळा करून मुठीत आवळला होता. कणसं पाखरांच्या भारानं डोलत होती आणि दाणे टिपल्याचा टकटक आवाज इथवर येत होता.

बाई हसत होत्या. हलत नव्हत्या. आणखी थोडा वेळ, बस, आणखी थोडा वेळ पाखरं बसली की काम फत्ते.

रुख्मिणीनं बापाकडे पाहिलं. हिंमतरावांनी उपरण्याचं टोक तोंडात कोंबलं होतं. पण ते ज्वारीकडे पाहतच नव्हते. एकदाही नाही. ते वैराळेबाईंच्या तोंडाकडे टक लावून पाहत होते, की बाई खूश झाली का, पोरीचं काम झालं का. मागे वर्षाची भाकर टिपली जात होती, आणि हा माणूस तिकडे पाठ करून बसला होता.

‘ठरवू’ म्हणणारा बाप!

रुख्मिणी उठून उभी राहिली. छाती भरून श्वास घेतला.

“हाऽऽऽ हुर्रऽऽऽऽ!”

आणि मग काय विचारता! एवढा वेळ दाबून धरलेलं सगळं गाव फुटलं. धुऱ्याधुऱ्यातून माणसं उगवली. पदराखालून थाळ्या निघाल्या, धोतरातून गोफणी निघाल्या. निवृत्तीचा बसलेला घसा उघडला. आणि उत्तमराव पाटलांनी काळ्या कोटाची बटणं तोडून आतून रॉकेलचा रिकामा डबा काढला आणि असा बडवला, असा बडवला की बैल दमणीसकट चार पावलं मागे सरले.

भोरड्या उठल्या. सगळ्या एकदम. उठताना असा आवाज झाला की जमीन कोणी झटकली असावी. वर जाऊन तो ढग वळला तेव्हा काळा झाला, परत वळला तेव्हा गुलाबी, मधेच चादरीसारखा पसरला, मधेच पिळून दोरखंडासारखा लांब झाला आणि बाईंच्या डोक्यावरून गेला. आता सूर्याचं विचाराल तर, पुरता नाही झाकला. पण वावरावर सावली पडली, आणि ती सगळ्यांनी पाहिली.

थवा उत्तरेकडे लहान होत गेला. डबे हळूहळू थांबले. शेवटचा डबा पाटलांचा थांबला, आणि मग आपण सरकारसमोर काय करतो आहोत हे त्यांच्या ध्यानात आलं.

“उडवलीस तू,” वैराळेबाई ढेकळातूनच म्हणाल्या.

“हाव बाई.”

“काऊन?” नागपूरच्या बाईंच्या तोंडून हा शब्द निघालेला पाहून जमीलानं रुख्मिणीला कोपर मारलं.

“ज्वारी आमची हाय बाई. तुम्ही पाहून घरी जासान, त्या खाऊन जातीन. राह्यलो आम्ही.” ती थांबली, आणि नाक पुसून म्हणाली, “जागा दुसरीले देसान तरी चालन.” हे मात्र खोटं होतं. बिलकुल चालणार नव्हतं.

बाई ढेकळातच मागे वळल्या. त्या धुऱ्यावर उभ्या असलेल्या माणसांकडे पाहत होत्या. प्रत्येकाच्या हातात डबा, ताट, घंगाळ, आणि कोणाचाही चेहरा जागेवर नाही. मग त्यांची नजर फिरत फिरत पाटलांच्या डब्यावर येऊन थांबली.

“म्हणजे परवापासून ही मुलगी जे सांगते आहे...”

“थोडंसं हाकललं होतं साहेब,” पाटील म्हणाले. “जास्त नाई.”

बाई हसायला लागल्या. आधी बारीक, मग मोठ्यानं, मग चष्मा काढून डोळे पुसेपर्यंत. “इतकी वर्षं मी पाखरं बघते,” त्यांना दम लागला होता, “पण माझ्या स्वागताला पाखरं झाडून काढणारं गाव पहिल्यांदाच बघितलं! आणि त्यात कोंबड्या!”

मग उठून त्यांनी पातळाची माती झटकली आणि सगळ्यांना सांगितलं की या भोरड्या आता इथं राहायच्या नाहीत. काबूलच्याही पलीकडे, जिथून हिंगवाले येतात त्याच्याही पुढे, उडत जातात, तिकडे पिल्लं काढतात आणि टोळ खातात.

“टोळ?” पाटलांचा डबा खाली आला. “टोळधाडीतले टोळ? हे इथं काऊन नाई सांगत कोणी त्याईले? इथं ज्वारी खातात, आणि कामं तिकडं करतात!”

दमणीत चढताना बाई रुख्मिणीला म्हणाल्या, “जूनमध्ये वसतिगृह उघडतं. गादी, तांब्या आणि मच्छरदाणी घेऊन ये. आईवडिलांचा होकार मात्र हवा. तो मी मागणार नाही, तो तुझा तू मिळव.”

*

ऊन वर आलं तेव्हा तिघं माळ्याखाली भाकर खायला बसली होती. कांदा फोडला, ठेचा मध्ये ठेवला. भोरड्यांनी वावराचा एक कोपरा साफ केला होता, बाकीची ज्वारी शाबूत होती. आशाबाई त्या कोपऱ्याकडे पाहून पाखरांच्या पिढ्यान्‌पिढ्यांचा उद्धार करत होती.

“आणि तुम्ही!” तिनं मोर्चा नवऱ्याकडे वळवला. “उपरणं खाऊन बसले होते! पोरगी उठली म्हून वाचलं, नाई तर नुसते धांडे राह्यले असते. आता हीच गेली तर पुढच्या साली काय, पाखराईले हात जोडसान?”

“मी काय म्हणतो,” हिंमतराव भाकरीचा तुकडा हातात धरून म्हणाले, “बाई चांगली हाय. शाळाबी चांगली असंल. पण लोक काय म्हणतीन, जावं कसं, राहावं कसं... अक्षय्यतृतीया होऊ दे. मंग निवांत बसून ठरवू.”

आशाबाईनं ठेचा पुढे सरकवला. तीही तृतीयेवर राजी दिसत होती.

रुख्मिणीनं ताटलीत हात धुतला आणि उभी राहिली. माळ्याच्या दांडीला एका हातानं धरलं. तिला वाटलं होतं आवाज कापेल, पण तो कापला नाही.

“माय, बाबा, तुम्ही तृतीयेले निवांत बसा, पुरणपोळी खा, पण ठरवायचं काई राह्यलं नाई. मी ठरवलं. ज्वारी खळ्यावर येईपर्यंत या माळ्यावर मी बसते, दाणा जाऊ देत नाई. जून लागला का मी बुलढाण्याले जाते. बाबा, जमीलाच्या अब्बाकडं आजच कापूस देऊन या गादीसाठी. आणि नवा कापूस द्या, गोठ्यातला जुना नाई.”